कर्जाचे हप्ते भरता भरता घर कसे चालवावे: पहिल्या महिन्यापासूनची पद्धत

पगार खात्यात जमा होतो आणि दुपारपर्यंत तीन-चार हप्ते कापून जातात. उरलेल्या पैशात महिना काढायचा असतो, तो निघत नाही. मग वीस-पंचवीस तारखेला कार्ड पुढे करायचे किंवा ओळखीतल्या कोणाकडून हातउसने घ्यायचे, आणि पुढच्या पगारातून तेही फेडायचे. कर्ज असलेल्या पुष्कळ घरांत वर्षानुवर्षे अशीच ओढाताण चालते. आमचे घर त्यातून गेले आहे. बाहेर पडताना जे कळत गेले ते क्रमाने इथे लिहिते आहे, म्हणजे नव्याने सुरुवात करणाऱ्याला निदान कुठून सुरू करायचे हा प्रश्न पडू नये.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. एक अख्खा महिना नवी उसनवारी न करता पार पडला, की कर्जफेड सुरू झाली असे समजा. हप्ता किती मोठा भरला हा त्यानंतरचा प्रश्न. एका हाताने १०,००० फेडले आणि दुसऱ्या हाताने ८,००० घेतले, तर फिटले २,०००. शिवाय घाईत घेतलेल्या त्या ८,००० वर बहुधा आधीपेक्षा जास्त दराने व्याज सुरू होते. म्हणून या लेखात हप्त्यांइतकीच जागा घरखर्चाला दिली आहे.

सुरुवातीला हे कागद जमवा:

- प्रत्येक कर्जाचे मंजुरीपत्र आणि करार
- प्रत्येक कर्जाचा ताजा खातेउतारा, शक्य असेल तर हप्त्यांचे पूर्ण वेळापत्रक
- क्रेडिट कार्डांची मागच्या ३ महिन्यांची बिले
- सगळ्या बँक खात्यांची मागच्या १२ महिन्यांची स्टेटमेंट
- घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाच्या पगारपावत्या किंवा उत्पन्नाची नोंद
- विम्याची कागदपत्रे
- कोणाला जामीन राहिला असाल तर त्याचे कागद
- एक वही

वही मी मुद्दाम लिहिले आहे. संगणकावरचा तक्ता किंवा मोबाइलमधले अॅप चांगलेच असते, पण ते ज्याने बनवले तोच बघतो. वही घरात सगळ्यांच्या हाताला येते.

१. सगळी कर्जे एका पानावर आणा

पानावर रकाने आखा: कोणाचे कर्ज, आज शिल्लक किती, व्याजदर, महिन्याचा हप्ता, कापला जाण्याची तारीख, किती हप्ते उरले, तारण काय ठेवले आहे, जामीन कोण आहे.

शिल्लक रक्कम अंदाजाने लिहू नका. हप्ता गुणिले उरलेले महिने असा हिशेब बरेच जण करतात. त्या आकड्यात पुढे लागणारे व्याजही असते, त्यामुळे कर्ज आहे त्याहून मोठे दिसते आणि धीर सुटतो. कर्ज देणाऱ्या संस्थेला सरळ विचारा, ‘आज पूर्ण फेडायचे तर किती भरावे लागतील?’ तो आकडा लिहा. मुदतीआधी फेडल्यास आकार लागतो का आणि किती, हेही त्याच वेळी विचारून शेजारी टिपून ठेवा.

पानावर येता येता राहून जाणारी कर्जे वेगळीच असतात: हप्त्यांवर घेतलेला फोन, दुकानातली उधारी, नोकरीच्या ठिकाणी घेतलेली उचल, भावाबहिणीचे किंवा मित्राचे पैसे, ‘आता घ्या, नंतर भरा’ अशा सोयीतून झालेली छोटी छोटी खरेदी. दुसऱ्याच्या कर्जाला दिलेला जामीनही एका कोपऱ्यात लिहा. आज त्याचा हप्ता तुम्हाला भरावा लागत नसेल, पण त्याने थकवले तर मागणी तुमच्याकडे येते.

हे पान लिहायला जड जाते. बेरीज केल्यावर काही वेळ कोणी बोलत नाही. तरीही एका बैठकीत ते पूर्ण करा, कारण अर्धे पान महिनाभर तसेच पडून राहते.

२. व्याज कसे लागते ते आकड्यांत बघा

हा भाग नीट वाचा. कुठे पैसे भरले तर फरक पडेल, हे इथेच कळते.

पहिला सापळा कार्डावरच्या ‘किमान देय रकमेचा’. समजा कार्डावर १,००,००० थकले आहेत, व्याज महिना ३ टक्के आहे आणि दरमहा थकबाकीच्या ५ टक्के भरले तरी चालते. पहिल्या महिन्यात व्याज लागून थकबाकी १,०३,००० होते. तुम्ही ५,१५० भरता, त्यातले ३,००० व्याजात जातात. थकबाकी जसजशी उतरते तसतशी किमान रक्कमही उतरते, म्हणजे तुम्ही भरताही कमी कमी. वर्षभरात एकूण ५५,००० च्या आसपास भरून होतात आणि थकबाकी उतरते जेमतेम २३,००० ने. अर्धे कर्ज उतरायला सुमारे ३२ महिने लागतात. याच कर्जावर दरमहा ठरवून ५,००० भरत राहिले, रक्कम खाली येऊ दिली नाही, तर ३१ हप्त्यांत सगळे फिटते. सुरुवातीचा भार दोन्हीकडे जवळपास तेवढाच आहे. हप्ता स्थिर ठेवला एवढाच फरक. या उदाहरणात कार्डावर नवी खरेदी नाही, हे लक्षात ठेवा. थकबाकी शिल्लक असताना नव्या खरेदीवर व्याजमाफीचे दिवस सहसा मिळत नाहीत आणि खरेदीच्या दिवसापासून व्याज धावू लागते.

दुसरा सापळा ‘फ्लॅट’ दराचा. १,००,००० चे कर्ज, मुदत २ वर्षे, व्याज फ्लॅट १२ टक्के. व्याज झाले २४,००० आणि हप्ता ५,१६७. ऐकायला दर परवडणारा वाटतो. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल परत करत असता, आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण एक लाखावर लावलेले असते. उतरत्या शिलकीवर हिशेब केला तर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणून दोन कर्जांची तुलना करताना दोन्हींचे दर उतरत्या शिलकीवरचेच घ्या, आणि प्रक्रिया शुल्क, सक्तीचा विमा वगैरे धरून हातात प्रत्यक्ष किती पैसे आले तेही बघा.

तिसरी गोष्ट लांब मुदतीच्या कर्जाची. १०,००,००० चे कर्ज २० वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतले तर हप्ता ८,९९७ येतो. पहिल्या हप्त्यातले ७,५०० व्याज असते, मुद्दल उतरते १,४९७. अगदी सुरुवातीलाच ५०,००० जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर २४० ऐवजी सुमारे २१० हप्ते उरतात. तेच ५०,००० शेवटच्या वर्षांत भरले तर बचत किरकोळ असते. जादा रक्कम भरताना ‘मुदत कमी करायची’ की ‘हप्ता कमी करायचा’ हे लेखी सांगावे लागते. न सांगितल्यास संस्था तिच्या पद्धतीने ठरवते. महिना निघतच नसेल तर हप्ता कमी करून घेण्यात गैर काही नाही. महिना निघत असेल तर मुदत कमी करा.

३. घराचा खरा खर्च शोधून काढा

माझ्या मते सगळ्या कामातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, आणि लोक इथेच घाई करतात.

आधी मागच्या ३ महिन्यांची स्टेटमेंट घ्या आणि प्रत्येक ओळीवर खूण करा: घरभाडे किंवा घराची देखभाल, किराणा, वीज-पाणी-इंधन, प्रवास, औषधे, शिक्षण, फोन-इंटरनेट, बाहेरचे खाणे, कपडे, मनोरंजन, इतर. रोख खर्च स्टेटमेंटमध्ये दिसत नाही. त्यासाठी एक महिनाभर, खर्च करणाऱ्या प्रत्येकाने, झाल्या झाल्या रक्कम लिहून ठेवायची. या महिन्यात कपात करू नका. फक्त लिहा. माणसे काटकसर दाखवायला लागली की खरा आकडा मिळत नाही.

यानंतर १२ महिन्यांची स्टेटमेंट पुन्हा वरपासून वाचा, यावेळी फक्त दरमहा न येणाऱ्या खर्चांसाठी: विम्याचा हप्ता, शाळेची फी, वह्यापुस्तके, वाहनाची देखभाल, घरातली दुरुस्ती, दातांचा डॉक्टर, चष्मा, गावी जाणे, नात्यातले कार्य, भेटवस्तू, कर. घराचे अंदाजपत्रक कोसळते ते या खर्चांनी. किराण्यात शे-दोनशे इकडेतिकडे झाल्याने कोणी नव्याने कर्ज काढत नाही. फी भरायची शेवटची तारीख आली आणि हातात पैसे नाहीत, तेव्हा कार्ड बाहेर येते. खरे तर ती फी दरवर्षी त्याच सुमारास येत असते.

म्हणून या सगळ्यांची वर्षाची बेरीज करा आणि १२ ने भागा. विमा १२,०००, फी २४,००० आणि वाहनदुरुस्ती ६,००० असेल तर वर्षाचे ४२,००० झाले, म्हणजे महिन्याला ३,५००. हे ३,५०० दरमहा वेगळ्या खात्यात गेलेच पाहिजेत. ज्या महिन्यात फी नाही, विमा नाही, त्या महिन्यातही. सुरुवातीला पूर्ण रक्कम जमत नसेल तर सर्वांत जवळ आलेल्या खर्चापासून सुरू करा.

आता कपातीकडे या. आधी मोठे आणि दरमहा आपोआप जाणारे खर्च बघा: न वापरलेली वर्गणी, दोन फोन कंपन्यांचे मोठे प्लॅन, व्यायामशाळेचे शुल्क, वाहनाचा खर्च, आणि शक्य असेल तर कमी भाड्याचे घर. इथे एकदा निर्णय घेतला की दर महिन्याला पैसे वाचतात, रोज मन मारावे लागत नाही. रोजच्या जेवणात, औषधात, मुलांच्या गरजेच्या गोष्टींत हात घातला की घर काही आठवड्यांत कंटाळते आणि सगळी योजना बाजूला पडते.

आरोग्यविमा आणि कमावत्या माणसाचा आयुर्विमा बंद करू नका. हप्ता वाचतो, पण एका आजारपणात पुन्हा मोठ्या कर्जाच्या दारात उभे राहावे लागते. बचत आणि विमा एकत्र असलेल्या जुन्या पॉलिसी मात्र काढून बघा. आज मोडल्यास किती मिळतील आणि चालू ठेवल्यास काय मिळेल, दोन्ही आकडे लेखी मागा, मगच ठरवा.

घरात ठेवी पडून असतील तर त्यांचाही हिशेब करा. ५०,००० च्या ठेवीवर ७ टक्क्यांनी वर्षाला ३,५०० मिळतात. कार्डावर तेवढीच रक्कम ३६ टक्क्यांनी थकलेली असेल तर वर्षाला १८,००० च्या आसपास व्याज जाते. ठेव मोडायला मन धजत नाही, ती आपली हक्काची पुंजी वाटते. तरीही अडीनडीसाठी लागेल तेवढे ठेवून बाकीचे महाग कर्जात भरणे हिताचे.

४. घरच्यांना बरोबर घ्या

एकट्याने गुपचूप कर्ज फेडायचा प्रयत्न जवळपास कधीच टिकत नाही. खर्च अनेक हातांनी होतो, मग योजना एकाच्या डोक्यात राहून कसे चालेल?

निवांत वेळ बघून बसा. पगाराच्या आदल्या रात्री नको, वसुलीचा फोन येऊन गेल्यावर तर अजिबात नको. पान समोर ठेवा. हे कर्ज कोणामुळे झाले, हा विषय त्या बैठकीत काढायचा नाही असे आधीच ठरवून घ्या. पुढच्या सहा महिन्यांत काय करायचे एवढ्यावरच बोला. वडीलधाऱ्यांना सगळे आकडे सांगायचे की नाही हे तुमच्या घरावर अवलंबून आहे, पण ज्याच्या हातून नियमित खर्च होतो त्याला महिन्याची मर्यादा माहीत असलीच पाहिजे.

मुलांना वयाप्रमाणे सांगा. ‘आपण काही महिने जपून खर्च करणार आहोत, जेवण, शाळा, घर यांची काळजी करू नका,’ एवढे लहान मुलांना पुरते. काहीच सांगितले नाही तर मुले आईवडिलांच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधतात आणि तो खऱ्याहून भयंकर असतो.

आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला दरमहा थोडी रक्कम अशी द्या की जिचा हिशेब कोणी विचारणार नाही. ती कितीही लहान असो, पण असू द्या. चहाच्या कपाचाही जाब द्यावा लागला की माणूस लपवायला लागतो, आणि लपवलेला खर्च वहीत येत नाही.

५. पैसे कमी पडले तर कोणाला आधी द्यायचे

हा क्रम शांत डोक्याने आधीच लिहून ठेवा:

- जेवण, औषधे, वीज-पाणी
- राहते घर: भाडे किंवा घराच्या कर्जाचा हप्ता
- कामावर जाण्यासाठी लागणारा खर्च
- ज्या कर्जाला घर, वाहन किंवा दागिने तारण आहेत ती कर्जे
- बिनतारणी कर्जे आणि कार्ड
- बिनव्याजी हातउसने

जो जास्त फोन करतो त्याला आधी पैसे दिले जातात. बिनतारणी कर्जाच्या वसुलीचे फोन सर्वांत जोरात येतात आणि घराचा हप्ता मागे राहतो, असे घडताना मी पाहिले आहे. फोनच्या संख्येवरून क्रम ठरवू नका. काय गमवावे लागेल यावरून ठरवा. हातउसने शेवटी ठेवले तरी त्या माणसाला स्वतःहून फोन करून कधीपर्यंत द्याल ते सांगा. व्याज लागत नसले तरी नाते पणाला लागलेले असते.

६. आधी छोटी गंगाजळी

कर्ज असताना पैसे बाजूला ठेवणे अनेकांना चुकीचे वाटते. कागदावर ते बरोबरही आहे, कारण बचतीवरचे व्याज कर्जावरच्या व्याजापेक्षा कमी असते. पण गंगाजळी शून्य असेल तर फ्रीज बिघडला तरी नवे कर्ज होते. जादा पैसे कर्जात भरायच्या आधी निदान एक महिन्याच्या अत्यावश्यक खर्चाइतकी रक्कम जमवा. उत्पन्न अनिश्चित असेल तर दोन-तीन महिन्यांची. तोवर सगळ्या कर्जांचे नेमून दिलेले हप्ते भरत राहा, जादा काही भरू नका. ही रक्कम रोजच्या वापराच्या खात्यात ठेवू नका, आणि त्या खात्याचे कार्ड पाकिटात बाळगू नका.

७. जादा रक्कम कोणत्या कर्जात भरायची

नेमलेले हप्ते सगळीकडे भरून जी रक्कम उरते ती सगळ्या कर्जांत वाटून टाकू नका. एका वेळी एकाच कर्जात भरा.

कोणत्या? हिशेबाने बघितले तर ज्याचा व्याजदर सर्वांत जास्त त्यात. ३६ टक्क्यांच्या कर्जात १०,००० जादा भरले तर महिन्याला ३०० व्याज वाचते, १५ टक्क्यांच्या कर्जात भरले तर १२५. दुसरी पद्धत सर्वांत लहान कर्ज आधी संपवण्याची. तिच्यात व्याज थोडे जास्त जाते, पण एक हप्ता कायमचा बंद होतो आणि घरात हुरूप येतो. माझा कल पहिल्या पद्धतीकडे आहे, एका अपवादासह: एखादे लहान कर्ज दोन-तीन महिन्यांत संपण्यासारखे असेल तर ते आधी मोकळे करा. एक तारीख, एक फोन, एक काळजी कमी होते, आणि तो हप्ता दुसरीकडे लावता येतो.

हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा आहे. समजा तुमचे हप्ते ४,०००, ३,००० आणि ६,००० असे मिळून १३,००० आहेत. ४,००० वाले कर्ज फिटले की हातात ४,००० मोकळे आल्यासारखे वाटते आणि घरखर्च आपोआप तेवढा फुगतो. तसे होऊ देऊ नका. ते ४,००० त्याच महिन्यापासून दुसऱ्या कर्जात जाऊ द्या. शेवटचे कर्ज फिटेपर्यंत कर्जाकडे जाणारी एकूण रक्कम १३,००० च राहिली पाहिजे.

सगळी कर्जे एकत्र करून एक मोठे कर्ज घ्यावे का, असा प्रश्न हमखास येतो. उत्तर मुदतीवर अवलंबून आहे. कार्डावर ६०,००० थकले आहेत, दर महिना ३ टक्के. दरमहा ५,००० भरले तर सुमारे १५ महिन्यांत फिटते आणि व्याज साधारण १५,५०० जाते. हेच कर्ज १५ टक्क्यांच्या नव्या कर्जात फिरवले, पण मुदत ५ वर्षांची घेतली, तर हप्ता येतो फक्त १,४२७. फारच हलके वाटते. व्याज मात्र २५,६०० च्या पुढे जाते. दर निम्म्याहून कमी, तरी व्याज जास्त. नवे कर्ज घेऊनही दरमहा ५,००० भरत राहिलात तर सुमारे १३ महिन्यांत सुटका होते आणि व्याज जाते अवघे ५,४०० च्या आसपास. तेव्हा कर्ज फिरवायचे असेल तर मुदत लहान घ्या, मुदतीआधी भरण्याची मुभा आहे का ते आधी वाचा, आणि मोकळे झालेले कार्ड बंद करा किंवा त्याची मर्यादा अगदी कमी करून घ्या. रिकामे झालेले कार्ड पुन्हा भरले की दोन कर्जे होतात.

८. महिना चालवण्याची रीत

दोन खाती ठेवा. पगार ज्यात येतो त्यातून फक्त हप्ते, बिले आणि वर्षाच्या खर्चाचा वाटा जाईल. घरखर्चाची रक्कम पहिल्याच दिवशी दुसऱ्या खात्यात वळवा आणि महिनाभर तेच वापरा. हप्त्यांच्या तारखा पगाराच्या आधी येत असतील तर त्या पुढे ढकलून मागा, बऱ्याच संस्था अर्ज केल्यावर बदलून देतात. खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेला तर कर्ज देणारी संस्था दंड लावते आणि तुमची बँकही आकार घेते, एकाच चुकलेल्या तारखेचे दोन भुर्दंड.

घरखर्चाची रक्कम आठवड्याने वापरा, पण तिला ४ ने भागू नका. फेब्रुवारी सोडला तर महिन्यात २८ दिवसांहून जास्त दिवस असतात आणि शेवटचे दोन-तीन दिवस कोरडे जातात. नेमके तेव्हाच उसने मागावे लागते. १५,००० असतील तर ३० ने भागा: दिवसाला ५००, आठवड्याला ३,५००. चार आठवड्यांचे १४,००० झाले, आणि शेवटच्या दोन दिवसांसाठी १,००० वेगळे राहिले.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, वही उघडून किती उरले ते लिहा. पंधरा मिनिटे पुरतात. एका आठवड्यात जास्त गेले तर पुढच्या आठवड्यातून वजा करा, महिनाअखेरीची वाट बघू नका. आम्ही कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद लावला होता. त्यावर प्रत्येक कर्जाची शिल्लक पेनाने लिहिलेली. दर महिन्याला जुना आकडा खोडून त्याखाली नवा लिहायचा. कपडे काढताना तो कागद रोज सगळ्यांच्या नजरेस पडायचा, वेगळी आठवण करून द्यावी लागत नसे.

उत्पन्न कमी-जास्त होत असेल, म्हणजे धंदा, रोजंदारी किंवा कमिशनचे काम असेल, तर मागच्या वर्षातला सर्वांत कमी कमाईचा महिना धरून अंदाजपत्रक बनवा. चांगल्या महिन्यातले जास्तीचे पैसे आधी येणाऱ्या मंद महिन्यांसाठी ठेवा, कर्जात जादा भरणे त्यानंतर.

बोनस, करपरतावा, जुने येणे असे अवचित पैसे यायच्या आधीच त्यांची वाटणी वहीत लिहा: मोठा भाग कर्जाला, काही गंगाजळीला, थोडे घराच्या आनंदाला. तो थोडा भागही खरोखर खर्च करा.

९. मेळ बसतच नसेल तेव्हा

सगळी कपात करूनही हप्ते निघत नसतील, तर हप्ता चुकायच्या आधी संस्थेकडे जा. नोकरी गेली, आजारपण आले, पगार कपात झाली, जे कारण असेल त्याचा कागद सोबत न्या, आणि दरमहा खरोखर किती भरू शकता तो आकडा तयार ठेवा. मागण्यासारख्या गोष्टी अशा: मुदत वाढवून हप्ता कमी करणे, काही महिने हप्ता थांबवणे, दंड माफ करणे, दर कमी करणे. हप्ता थांबवला तरी व्याज सहसा थांबत नाही, ते मुद्दलात मिळवले जाते, म्हणून गरज तेवढेच महिने मागा. जे ठरेल ते पत्राने किंवा ईमेलने घ्या. फोनवरच्या आश्वासनावर हप्ता चुकवू नका. नंतर त्या माणसाची बदली झालेली असते आणि खात्यावर कसलीच नोंद नसते.

‘इतके भरा, बाकीचे सोडून देतो’ अशी तडजोड पुढे आली तर थांबून विचार करा. मोठा आकडा माफ झाल्याचे समाधान असते, पण पतनोंदीत, म्हणजे तुम्ही कर्जे कशी फेडली याच्या नोंदीत, ते खाते पूर्ण फेडलेले असे न दिसता तडजोडीने मिटवलेले असे दिसते, आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना ते आडवे येते. दुसरा मार्गच नसेल तर जरूर करा, पण आधी तडजोडीचे पत्र हातात घ्या, मग पैसे द्या, आणि तेही संस्थेच्या खात्यातच.

अडचणीतल्या माणसाला हेरणारे लोकही याच काळात भेटतात. कर्ज मिटवून देतो म्हणून आगाऊ फी मागणारा, पतनोंद रातोरात सुधारून देण्याची हमी देणारा, कागद न दाखवता दहा मिनिटांत पैसे देणारे आणि त्या बदल्यात फोनमधली सगळी नावे-नंबर मागणारे अॅप, कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही मागणारा सावकार. यातल्या कोणाशीही व्यवहार करू नका. हप्ता फेडायला नवे कर्ज घ्यावे असे वाटू लागले, तर ते संस्थेशी बोलायची वेळ आल्याचे लक्षण आहे. वसुलीसाठी कोणी धमकावत असेल, नातेवाइकांना फोन करत असेल, तर तारीख, वेळ, नंबर, बोललेले शब्द लिहून ठेवा आणि लेखी तक्रार करा. कर्ज थकले म्हणून अपमान सोसायची जबाबदारी कोणावर येत नाही.

रात्री झोप लागत नसेल, मनात टोकाचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी घरातल्या कोणाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा. हप्ते त्यानंतर बघता येतील.

१०. कर्ज फिटल्यावरचे कागद

शेवटचा हप्ता कापला गेला म्हणजे खाते बंद झाले असे नाही. काही वेळा किरकोळ आकार किंवा काही दिवसांचे व्याज शिल्लक राहते, आणि त्यावर दंड चढत जातो. म्हणून शेवटच्या हप्त्यानंतर लगेच संस्थेकडून शून्य शिल्लक दाखवणारा खातेउतारा आणि येणे बाकी नसल्याचा दाखला घ्या. दाखल्यावर कर्ज खाते क्रमांक आणि नाव बरोबर आहे ना, ते तिथेच उभे राहून वाचा. तारण ठेवलेली मूळ कागदपत्रे आणि आगाऊ दिलेले धनादेश मोजून परत घ्या. वाहनाच्या किंवा घराच्या नोंदीवर कर्जाचा बोजा चढवलेला असेल तर तो उतरवून घ्यावा लागतो, ते आपोआप होतेच असे नाही. जामीनदाराला दाखल्याची प्रत द्या. खात्यावरची आपोआप कपातीची परवानगी बँकेत जाऊन रद्द करा. दोन-तीन महिन्यांनी पतनोंद काढून बघा, आणि कर्ज अजून चालू दिसत असेल तर दाखल्याची प्रत जोडून दुरुस्तीचा अर्ज करा.